चिंचखांडवरून ताशी तीनशे वीस

प्रगतीला थांबा नसतो. थांबा दिला की वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की तिला प्रगती म्हणता येत नाही, साधी गाडी म्हणावं लागतं.

पाथर्डी तालुक्यातल्या चिंचखांडला हे गेल्या वर्षी समजलं. गावावरून अतिवेगवान रेल्वे जाणार असल्याचं जाहीर झालं. ‘वरून’ हा शब्द अचूक आहे. रूळ बारा मीटर उंच खांबांवर, वेग ताशी तीनशे वीस, गाव ओलांडायला सात सेकंद (वरची वस्ती धरून). सगळ्यात जवळचं स्टेशन अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर.

त्याच महिन्यात गावची एकमेव, सव्वासातची बस बंद झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं जिल्हा गतिमान वाहतूक समितीने लेखी कळवलं. तसं कोणी विचारलेलं नव्हतं.

त्या बसने पाथर्डीच्या कॉलेजात जाणाऱ्यांत दिशा होती, बारावी सायन्सला. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जात. अकरावीचं वर्ष दिशा गावातच रतनमावशीकडे राहून शिकली होती. तिची आई चांगुणा हिचा हिशेब सरळ होता: बस हाय तर पोरगी गावात, बस न्हाई तर पोरगी फडात.

दिशाने बससाठी समितीला अर्ज केला. पंधराव्या दिवशी रविराज नावाचा तरुण सर्वेक्षक मोटरसायकलवर टॅब घेऊन आला. गावाला बसची गरज आहे का, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवायचं होतं. पद्धत अशी: सहा ते दहा थांब्यावर बसायचं आणि बसमध्ये चढणारे प्रवासी मोजायचे.

दिशा त्याच्यासाठी चहा घेऊन गेली.

“सर, बस येतच नाही. चढणार कशात?”

“बरोबर आहे,” रविराज म्हणाला. तो भला माणूस होता. “पण ‘बस आली नाही’ असा रकाना नाहीये. चढले किती, एवढंच विचारतात.”

“मग माझं नाव लिहा. मी चढले असते.”

“‘असते’ला रकाना नाही.”

त्याने शून्य भरलं आणि कप विसळून परत दिला. तेवढ्यात गावातल्या दिलावरभाईंची जीप गेली, आत पंधरा माणसं, मागे लटकलेली दोन. ती बाजारासाठी आठवड्यातून एकदाच निघायची. रविराजने ती माणसं मोजली नाहीत. जीप बेकायदा असल्याने त्यांना प्रवासी म्हणता येत नव्हतं. बस बंद झाल्यापासून दिशा आठवड्यातला तेवढा एक दिवस त्या जीपने कॉलेजला जाई. या आठवड्याचा तो दिवस तिने सर्वेक्षणासाठी सोडला होता.

पुढच्या आठवड्यात चांगुणा त्याच जीपने पाथर्डीला आणि तिथून नगरला समितीच्या कचेरीत गेली. नियोजन अधिकारी वैजनाथरावांनी तिला खुर्ची दिली, नकाशा दाखवला.

“बाई, तुमच्या गावातून रेल्वेला रोज बाराशे प्रवासी मिळणार आहेत.”

“गावात माणसंच नऊशे हायेत, साहेब.”

“वाढ धरलीय.”

“आन बसला शून्य कसं?”

“ते प्रत्यक्ष मोजलंय.”

चांगुणाने मान डोलावली. “आन ठेसनापोत्तर जायचं कशानं?”

“त्यासाठी शेवटच्या टप्प्याची वेगळी योजना आहे.”

“म्हंजी काय?”

“बस,” वैजनाथराव म्हणाले.

चांगुणा नकाशाकडे बघत राहिली. गावाच्या जागी खांबांचे नंबर होते. “पोरीला किती दिस थांबवू, तेवढं सांगा.”

“सन दोन हजार चौतीसपर्यंत.” हे सांगताना वैजनाथराव थोडे अवघडले. त्यांनी चहा मागवला.

दरम्यान समितीने लोकांचं मत मागवलं. कारभार पारदर्शक असल्याने मोबाईलवर एकच प्रश्न आला: ‘आपल्याला वेगवान प्रवास हवा का?’ दिशाने पुष्कळ विचार करून ‘हो’ दाबलं. तिला कॉलेजात वेळेवर पोचायचं होतं.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ट्रक आला. चिंचखांड ते श्रीगोंदा, विनाथांबा. दिशाने पुस्तकं बाजरीच्या पोत्याशेजारी ठेवली.

“घे समदी. फडात वाच,” चांगुणा म्हणाली.

“आन प्रॅक्टिकल कुठं करू?”

ट्रकात वारा लागणार नाही अशा कोपऱ्यातलं आपलं गाठोडं चांगुणाने उचललं आणि लेकीला तिथे बसवलं. दिशा फळीकडे तोंड करून बसली. बारावीची परीक्षा तिने दिली नाही.

समितीच्या अहवालात याची योग्य नोंद आहे: ‘हंगामात गाव रिकामे होत असल्याने बसची मागणी आणखी घटते.’

मार्चमध्ये दिशाच्या अर्जावर शेरा पडला. ‘चार लाख अकरा हजार नागरिकांचा कौल वेगाच्या बाजूने. सबब अर्ज निकाली.’ त्यातला एक कौल दिशाचा. उरलेल्यांची यादी कचेरीत बघायला मिळते. तुमचा मोबाईल नंबर तिसऱ्या पानावर आहे. ‘हो’ दाबायला तुम्हाला दोन सेकंद लागले, असं पुढे लिहिलंय. प्रश्न वाचायचा वेळ धरून.