सोमाच्या घरी मुलगी

यादोराव नंदेश्वर यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचा एक वाढदिवस असावा असं वाटू लागलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

तसा कागदोपत्री त्यांना वाढदिवस होता. एक जुलै एकोणीसशे अठ्ठावन्न. पण तो एकट्याचा नव्हता. त्या काळी मास्तर लोक शाळेत पोरगं आलं की त्याचे दात बघून वय ठरवायचे आणि तारीख सगळ्यांना एकच टाकायचे. त्यामुळे जून २०१६ च्या अखेरीस यादोराव ऑफिसातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्यासोबत आणखी तिघंजण त्याच तारखेचे निघाले. चौघांना मिळून एक शाल, एक केक आणि एक भाषण. (भाषणात साहेबांनी यादोरावांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलताना हात दुसऱ्याच्याच खांद्यावर ठेवला होता.) शाल कोणी न्यावी यावर चिठ्ठ्या टाकल्या. यादोरावांना हार मिळाला.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "रत्नमाला, मी खरा कधी जन्मलो, ते मले पायजे."

रत्नमालाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. त्यांची जन्मतारीख चार डिसेंबर साठ, अगदी घड्याळाच्या वेळेसकट, कारण त्यांचे वडील स्वतः मास्तर होते. त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "कायले? आतापर्यंत काही अडलं का?"

अडलं काहीच नव्हतं. पण निवृत्त माणसाला दुपार फार लांब असते. यादोरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सेवापुस्तकात तारखा भरल्या होत्या; आता स्वतःची एक हवी होती, एवढंच.

लाखनीत तेव्हा नुकतंच एक कुळशोध मंडळ निघालं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, हायवेलगतच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक. बाहेर ट्रक गेला की आत फळा थरथरायचा. मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव, निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना कोणी नमस्कार केला तरी त्याचा पुरावा मागतील असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या हाती एकेक तक्ता दिला. खाली स्वतःचं नाव, वर आईबाप, त्याच्या वर आजेआजी. "सुरुवात स्वतःपासून करायची," ते म्हणाले. "आपली जन्मतारीख लिहा."

तक्ते गोळा झाले. वासुदेवरावांनी ते चाळले आणि चष्मा काढला.

"खोलीत चौदा माणसं आहेत. अकरा जणांचा जन्म एक जुलैचा. एवढी शिस्त तर पेरणीलाही नसते. हे खोडा सगळं."

यादोरावांना माणूस एकदम पटला.

वासुदेवरावांनी शिकवलेलं पहिलं कलम असं, की आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं. त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, आणि सगळं लिहून घ्यायचं. यादोरावांच्या घरी असं माणूस होतं. त्यांच्या आई बायजाबाई, ऐंशीच्या घरातल्या, पण कान आणि दात दोन्ही शाबूत. यादोराव संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

"पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं. (सवय. तेहतीस वर्षं टेबलापलीकडच्या माणसाला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता.)

बायजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काहून रे, तुले माहीत नाई का?"

"माहीत आहे माय, पण लिहावं लागते. पत्ता?"

"तुह्या घरीच तं राहून राहिली मी."

"बरं. मी कधी जन्मलो?"

बायजाबाई सावरून बसल्या. "आयक. तवा आपण खैरटोल्याले राहू. तुहा बाप धानाच्या बांधीत गेला होता, अना मी परसात—"

"माय, तारीख सांग फक्त."

"तारीख मी काय पदराले बांधून ठेवली का?" बायजाबाईंनी आडवं होत कूस बदलली. "लिही तुले लिहायचं ते."

यादोरावांनी वहीत लिहिलं : तोंडी माहिती उपलब्ध नाही.

आता उरला कागद. वासुदेवरावांनी सांगितलं, की जुन्या काळी गावचा कोतवाल घरोघर फिरून जन्म-मृत्यू विचारायचा आणि त्याची नोंद व्हायची. ती नोंदवही, म्हणजे कोतवाल पंजी, मिळाली की काम झालं. यादोराव भंडाऱ्याला गेले. तिथं कळलं, की खैरटोला नव्याण्णव सालीच गोंदिया जिल्ह्यात गेलं. गाव होतं तिथंच होतं, जिल्हा तेवढा त्याच्या खालून सरकला होता. मग गोंदियाच्या बाजूच्या एका कार्यालयात. तिथल्या बाबूला त्यांनी ओळख दिली, "मी पण आस्थापनेचाच," आणि दोन बाबू एकमेकांना ओळखून जसे हसतात तसे दोघं हसले. बाबू म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. यादोरावांना राग आला नाही. त्यांनी स्वतः हे वाक्य हजारो वेळा वापरलं होतं. ते समोरून कसं ऐकू येतं, हे मात्र पहिल्यांदाच कळलं.

चौथ्या खेपेला पंजी निघाली. वाळवीनं कडा खाल्लेल्या, अक्षर उडत चाललेलं. नोंदींत बाळाचं नाव नसे. तारीख, गाव, बापाचं नाव, आणि मुलगा की मुलगी, एवढंच. बरीच पानं तर मुळात नव्हतीच. यादोराव दोन दिवस मान मोडून बसले, आणि तिसऱ्या दिवशी बोट थांबलं :

१२ फेब्रुवारी १९६१. मौजा खैरटोला. सोमा वल्द गोविंदा. मुलगी.

सोमा म्हणजे त्यांचा बाप, गोविंदा म्हणजे आजा. यादोरावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचला, आणि ते कोरडे झाले.

रविवारच्या बैठकीत वासुदेवरावांनी नकलेवर भिंग धरलं.

"तुम्हाला बहीण आहे?"

"नाही."

"कधी होती?"

"नाही जी. मी एकटाच."

"खैरटोल्यात दुसरा सोमा वल्द गोविंदा?"

"नाही."

"म्हणजे हे तुम्हीच," वासुदेवराव शांतपणे म्हणाले. "कोतवालाचा हात चुकला. ग ला काना द्यायचा, तर वेलांटी दिली न् आ ची ई झाली. असं होते."

मंडळात टाळ्या झाल्या. मंडळाच्या पाच महिन्यांच्या आयुष्यात कोणाच्या हाती लागलेला हा पहिलाच कागद होता. ताराचंद नावाचा एक दूधवाला सभासद तर उठून हात मिळवून गेला.

यादोराव घरी आले ते दोन वर्षं सात महिन्यांनी लहान होऊन. "रत्नमाला," ते दारातूनच म्हणाले, "मी एकसष्टचा आहो."

रत्नमालाबाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मास्तरणीला त्याला वेळ लागत नाही. "म्हणजे मी तुमच्यापेक्षा दोन महिने आठ दिवसांनी मोठी झाली?"

"हाव," यादोराव खुशीत म्हणाले. त्यांना वाटलं, बाई चिडेल. बाई चिडली नाही. तिनं वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मंग मोठ्या माणसाचं ऐकत जा. दळण ठेवलं आहे, घेऊन या."

त्या दिवसापासून घरात वडीलधारेपणाची वाटणी नव्यानं झाली. टीव्हीचा रिमोट मोठ्या माणसाकडे गेला. माशाचा मधला तुकडा मोठ्या माणसाच्या ताटात पडू लागला. सून तृप्ती तशी शहाणी पोर, पण एकदा बांगडीवाला दारात आला तेव्हा ती आतून म्हणाली, "बाबा, तुमच्या मापाच्या पण पाहू का?" कोतवालाच्या वेलांटीची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

यादोरावांनी हे सगळं हसत सोसलं. कारण त्यांच्या मनात बारा फेब्रुवारी होती. पुढच्या वर्षी ती नेमकी दुसऱ्या रविवारी येत होती. त्यांनी ठरवलं, मंडळाची बैठक आपल्या अंगणात घ्यायची आणि आयुष्यातला पहिला वाढदिवस करायचा. हायवेवरच्या बेकरीत केक सांगितला. 'यादोराव ५६' असं लिहून मागितलं. बेकरीवाल्यानं विचारलं, नातवाचं नाव आहे का, आणि छप्पन म्हणजे काय.

त्या सकाळी यादोराव चार वाजताच उठले. नवा सदरा घातला आणि उगाच अंगणात दोन फेऱ्या मारल्या. चहा देताना रत्नमालाबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "शोभून राहिले." बत्तीस वर्षांत हे दुसऱ्यांदा. मोठेपणाचा रिमोट त्यांनी त्या दिवसापुरता परत दिला.

दहा वाजता मंडळ जमलं. बायजाबाईंना मधोमध खुर्ची दिली. केक आला, सुरी आली. पण वासुदेवरावांना पुराव्याशिवाय केकही कापवेना. ते उभे राहिले, पंजीची नक्कल डोळ्यांसमोर धरली, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी वाचली : "बारा फेब्रुवारी एकोणीसशे एकसष्ट. मौजा खैरटोला. सोमा वल्द गोविंदा. मुलगी. हा शेवटचा शब्द लेखनदोष समजावा."

"काय वाचलं?" बायजाबाईंनी विचारलं.

"तुमच्या यादोरावांचा जन्म, मायबाई. कोतवालाच्या पंजीतला."

"फेबरवारी म्हंजे कोणता महिना?"

"माघ."

"कोतवाल कोण होता?"

वासुदेवरावांनी भिंग लावलं. "सही हिरामन अशी दिसते."

बायजाबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. आधी यादोरावांना वाटलं, माय रडते आहे. मग कळलं, की ती हसते आहे.

"तो पोट्टा नवाच लागला होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावचा. घरातली माणसं काही त्याले ठावी नाई. माही सासू ओट्यावर बसली होती. तो म्हणे, सोमाच्या घरी जन्म झाला म्हणते, काय झालं? सासू म्हणे, पोरगी झाली, चंद्रीले. दोघी बी बऱ्या आहेत. त्यानं लिवून घेतलं अना गेला."

यादोरावांनी सुरी खाली ठेवली. "चंद्री कोण, माय?"

"आपली म्हैस."

तृप्ती घाईघाईनं आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"सासू वगारीले पोरगीच म्हणे," बायजाबाई समजावून सांगू लागल्या. "म्हशीच्या मादी पिलाले दुसरं काय म्हणते? मी परसातून आयकत होती. पण सुनवारीनं सासूच्या वरतं कसं बोलावं? अना हा तं तवा चालत होता. त्या वगारीची शेपटी धरून गावभर फिरे."

रत्नमालाबाईंची वजाबाकी पुन्हा झाली. "म्हणजे मी लहानच," त्या हळूच म्हणाल्या. कोणत्या सुरात म्हणाल्या, ते यादोरावांना शेवटपर्यंत उमगलं नाही. एवढं खरं, की पुढं रिमोट काही यादोरावांकडे परत आला नाही.

यादोरावांना जमिनीत शिरावंसं वाटत होतं. त्यांनी आशेनं वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवराव गंभीर होते. ते बायजाबाईंजवळ गेले, खुर्ची जवळ ओढली आणि अदबीनं विचारलं, "ती वगार पुढं जगली?"

"जगली म्हंजे? दोन वेळा मिळून सहा शेर दूध दे. साळू नाव ठेवलं होतं तिचं. साळूले चार वेत झाले. मोठी तांबडी, ते सिहोऱ्याले माह्या नणदीच्या घरी देल्ली. तांबडीची मोरणी. मोरणी पवनीच्या बाजारातून लाखनीले आली, ते ह्याच्या बापानं घेतली." त्यांनी ताराचंदकडे बोट केलं.

ताराचंद उभा राहिला. "हाव जी. मोरणीची पणती आता माह्या गोठ्यात आहे. शेंडी म्हणतो तिले. आज खिरीले दूध तिचंच आणलं."

वासुदेवरावांनी भिंग खिशात ठेवलं. चौदा कुटुंबं, सात-आठ महिन्यांची खटपट, आणि आजोबांच्या पलीकडे कोणाचा तक्ता गेला नव्हता. इथं मूळ पुरुष सोडला, तर चंद्रीपासून शेंडीपर्यंत अखंड वंशावळ, एका टोकाला सरकारी नोंद आणि दुसऱ्या टोकाला जिवंत वारस. त्यांनी कोरा तक्ता काढला. बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. खुर्च्या सरकल्या, सगळं मंडळ बायजाबाईंभोवती गोळा झालं.

"सावकाश सांगा, मायबाई," वासुदेवराव म्हणाले. "आम्ही मध्ये तोडणार नाही. साळूची दुसरी मुलगी कोणती?"

बायजाबाईंनी पाय वर घेतले, मांडी घातली, आणि सांगायला लागल्या. ऐंशी वर्षांत त्यांचं इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

केकवरचं क्रीम उन्हानं ओघळायला लागलं. छप्पनमधला सहा आधी गेला. यादोराव गर्दीच्या मागं टाचा उंचावून उभे राहिले, थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, आणि मग कोणाच्या तरी खांद्यावरून हळूच विचारलं, "माय, अना मी कधी झालो?"

बायजाबाईंनी वर न बघता हात केला. "थांब ना रे जरासा. हिचं पुरं होऊ दे पयले."