बाईंच्या तीन टोपल्या

आमच्या सावेबाईंच्या हातात लग्नाची पत्रिका द्यायची म्हणजे जोखीमच. चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि देणाऱ्यालाच विचारतात, "'कृपया आहेर आणू नये' असं ज्याने लिहिलंय, त्याला नक्की काय हवंय?" समोर बिचारा मुलीचा बाप. त्यानेच लिहिलेलं असतं.

डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूला एका आदिवासी पाड्यावर आमची शाळा आहे. शिक्षक दोनच, बाई आणि मी. बाईंच्या वर्गात बांबूच्या तीन टोपल्या. एक माहितीची, एक मन वळवण्याची, एक मजेची. पोरांनी दिसेल तिथून छापील कागद उचलून आणायचा, लिहिणाऱ्याने तो का लिहिला ते ओळखायचं आणि योग्य त्या टोपलीत टाकायचा. वेफरची पाकिटं, खताच्या जाहिराती, औषधांची लेबलं, सगळं तिथे येतं. निवडणुकीत तर मधली टोपली ओसंडून वाहते. "अक्षरं काय, कुणीही वाचतं," बाई म्हणतात, "अक्षरामागचा माणूस वाचा."

पोरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. रस्त्यालगतच्या चिकूवाडीला बोर्ड होता, 'कुत्र्यापासून सावध राहा.' त्यावर वर्गात बरीच चर्चा झाली. शेवटी चौथीतली येसू उठून म्हणाली, "बाई, तिथं कुत्रा नायच. हे मन वळवायचं हाय." बाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वाडीचे मालक शाळेच्या दारात हजर. खालच्या फांद्यांवर एक चिकू उरला नव्हता.

"बाई, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?"

"वाचन," बाई म्हणाल्या. वर बोर्ड बदलायचा सल्लाही दिला. मालकांना चहा पाजून शांत करायचं काम माझ्याकडे आलं.

बाईंना रुखरुख एकच होती. दुसऱ्याचं लिहिणं पोरं झटक्यात ओळखायची, पण स्वतः लिहायची वेळ आली की फळ्यावरचं उतरवून मोकळी. येत्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार. "एका तरी पोराने मी न सांगता काही लिहावं हो," म्हणायच्या. "नाहीतर मी इथं केलं काय?" एरवी सगळ्यांची फिरकी घेणारी ही बाई हे बोलताना अगदी एवढीशी व्हायची. मिस्टर गेल्यापासून डहाणू रोडच्या खोलीत त्या एकट्याच राहतात, हे पोरांनाही ठाऊक होतं.

परवा मधल्या सुट्टीत येसूने आपली पाटी बाईंपुढे धरली. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमचे बकरीला दोन पिलां झाली. एक काळा हाय. तो लय उड्या मारतो.'

बाईंनी सवयीने विचारलं, "का लिहिलंस हे? कुठल्या टोपलीतलं?"

येसूने तिन्ही टोपल्या नीट पाहून घेतल्या. "कुठलेच नाय," ती म्हणाली. "तुमचे घरी कोन नाय ना बोलायला. म्हणून लिवला."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला, परत काढला.

शाळा सुटल्यावर बाईंना रोज न्यायला येणारा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. बाई येसूचा हात धरून पाड्याच्या चढणीला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता म्हणाल्या, "गुरुजी, ऐका ना. काल काय झालं माहितीये? त्या काळ्या पिल्लाने माझ्या पदराचं टोकच चावून खाल्लं!"

इतक्या वर्षांत बाईंनी मला आदल्या संध्याकाळची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली.