कठड्यांमधली जोडसायकल

"या वाटेवर आता कुणी कुणाला धडकून दाखवावं! नाव बदलीन माझं!"

कचेरीत जिला सगळे इंजिनियरबाई म्हणत आणि घरी आई अजूनही 'चिमे' म्हणून हाक मारी, तिनं ही घोषणा उद्घाटनाच्या सकाळी चहा पिताना केली. आणि का करू नये? नदीकाठच्या सायकलवाटेवर तिनं जीव ओतला होता. पूर्वी तिथं चालणारे, धावणारे, सायकलवाले सगळे एकाच पट्ट्यात मुंग्यांसारखे. छे, मुंग्या तरी एकमेकींना बाजू देतात! पुलाखालच्या आंधळ्या वळणावर तर एका सायकलवाल्यानं आईलाच आडवं केलं होतं. मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि चिमीनं त्या वळणाशी वैर धरलं.

आता वाट रुंद झाली होती. पायी चालणाऱ्यांचा पट्टा वेगळा, पुलाखाली दिवे, आणि वळणाच्या तोंडाशी दोन लोखंडी कठडे, एक डावीकडून आडवा, दुसरा उजवीकडून. मधून जायचं तर सायकलवाल्याला वेग कमी करून वळसा घ्यावाच लागणार!

"पहिला मान तुझा," ती आईला म्हणाली. "दोघांची सायकल आणलीय. तू मागे बस."

"या वयात?"

"तू नुसता हात हलव. पॅडल मी मारते."

फीत कापली गेली. पुढे चिमी आणि आई, मागे मोठे साहेब, त्यांच्यामागे अख्खी कचेरी सायकलींवर. चिमीनं ऐटीत पहिला कठडा ओलांडला, हँडल वळवलं आणि... खाडकन थांबली. पुढचं चाक दुसऱ्या कठड्याला टेकलेलं, मागचं पहिल्यात अडकलेलं. सगळी मापं साध्या, एकाच्या सायकलीची! जोडसायकल कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

"थांबलीस का गं?" आईनं विचारलं.

"जरा अडकलोय."

मागून साहेब गरजले, "वा! प्रात्यक्षिक! बघा, वेग कसा शून्यावर आणला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं राणीसारखा हात हलवला.

"साहेब, प्रात्यक्षिक नाही हो! खरंच अडकलोय!"

"अस्सं? मग लावा रे जोर!"

सगळ्यांनी जोर लावला आणि पॅडल कठड्याच्या गजांत असं घुसलं, जसं लोट्यात मांजराचं तोंड! आता पुढेही नाही, मागेही नाही. पलीकडे गर्दी साचू लागली. घंट्या वाजू लागल्या. आई मात्र सीटवरून येईल त्याला सांगत होती, "माझ्या लेकीनं केलंय हो हे सगळं!"

"आई, हळू बोल!"

"का म्हणून? चोरी केलीय का तू?"

शेवटी वेल्डरला बोलावणं गेलं. "मान माझा आहे," म्हणत आई उतरायला तयार नव्हती. ठिणग्या उडणार म्हटल्यावर उतरली. कठडा कापला गेला, सायकल सुटली. पलीकडून बाबागाडी ढकलत एक बाई आली आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही अडकलात! आमची गाडी तरी कुठून गेली असती? आणि मागे ते चाकाच्या खुर्चीतले आजोबा आहेत."

चिमीनं त्या आजोबांकडे पाहिलं. मग वेल्डरकडे वळली. "दुसराही काप. इथं फरशी खडबडीत करू, वेग आपोआप उतरेल. वळणावरची झुडपं काढू, म्हणजे समोरचा लांबूनच दिसेल."

साहेबांनी मान डोलावली. "उद्घाटनाच्या दिवशीच स्वतःचं काम कापायला लावणारी इंजिनियर मी पहिल्यांदा पाहिली!"

हे कौतुक की टोमणा, ते चिमीला कळेना. पण दुसराही कठडा निघाला आणि आजोबांची खुर्ची अलगद वळण घेऊन पुढे गेली तेव्हा तिची मान आपोआप ताठ झाली.

तोवर आईनं मावशीला फोन लावला होता. "अगं, काय पक्कं काम केलंय चिमीनं! अख्खी कचेरी लोंबकळली, कठडा तसूभर हलला नाही! शेवटी गॅस कटर आणावा लागला!"

चिमी फोन हिसकावून घेणार, एवढ्यात पलीकडून मावशीचा खणखणीत आवाज आला, "मग आमच्या गच्चीचा कठडा तिलाच करायला सांग!"