पाठवणीचे जवळचे वाटेची हकिकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष असे. धुक्यांतून जें दिसलें तें लिहिलें, न दिसलें तें जाणत्यांचे मुखें ऐकोन लिहिलें. शके सोळाशें चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, माघमास, ते समयीं महाराजांची एकुलती लेक सगुणाबाईसाहेब सासरीं निघाली. सासर खाडीपलीकडे, खुष्कीचे वाटेनें वळसा घालोन सात मुक्काम पडत, आणि रिवाज ऐसा कीं बापानें पालखीसंगें पायीं चालावें आणि मुक्कामोमुक्कामीं लेकीस आपले हातें दहीभाताचा घांस द्यावा. महाराजांचें आयुष्य मोहिमांत गेलें, लेकीशीं धड बोलणें कधीं जाहलें नाहीं, ते या सात मुक्कामांची वाट पाहात होते. मग टोपीकरांचा वकील दरबारीं आला आणि बोलिला कीं, आमचें गलबत उभें आहे, दोन प्रहरांत पैलतीर. महाराजांनीं दुभाष्याकडे पाहिलें. मग त्रिंबकपंत दुभाषी कानाशीं लागोन बोलिले, "महाराज, यांचे बोलीची तऱ्हा निराळी. जवळची वाट धरितां 'मला घाई आहे' ऐसें कोणी म्हणत नाहीं. 'यांतच शहाणपण आहे' म्हणतात आणि उठतात. जणूं वाटेनेंच निवाडा केला. मग पुढें बोलावें तरी काय?" सारा दरबार माना डोलावूं लागला, आणि लेकीसाठीं वळसा हवा हें चार मुत्सद्यांत म्हणावें कैसें, या लाजेनें महाराजही बोलून गेले, "यांतच शहाणपण आहे."

धक्क्यावर बाईसाहेबांनीं पुसिलें, "आबासाहेब, घाई कोणास होती?" मग शीड भरलें, आणि धुकें उतरलें, आणि गलबत पाण्यांत साखर विरावी तैसें दिसेनासें जाहलें. दुसरे दिवशीं महाराजांनीं रिकामी पालखी उचलविली आणि खुष्कीचे वाटेनें पायीं निघाले. भोई नवल करीत, परंतु पाय हळू टाकीत. आंब्यांस मोहोर होता, वाऱ्यानें पालखीचा पडदा हाले, आणि हालला कीं महाराज बोलूं लागत. लहानपणींचें पुसत, "तुजवर उगाच रागें भरलों, तें विसर," म्हणत. मुक्कामीं दहीभात कालवीत, घांस पडद्यापाशीं नेत, आणि हात तैसाच धरून बैसत. ऐसें करितां सासरची वेस आली आणि बाईसाहेब धांवत सामोऱ्या आल्या, पडदा सारोन आंत पाहिलें, आणि म्हणाल्या, "आबासाहेब, कोणास घेऊन आलां?"

महाराज बोलिले, "तुलाच, बाई." आणि भर वेशींत रडले, हें आम्ही लपवीत नाहीं.

एवंच टोपीकरांचे वाटेनें वेळ पुष्कळ वांचला. तो या राज्यांत कोणाचेच कामास आला नाहीं. जैसें घडलें तैसें लिहोन ठेविलें असे.