तांबोळी सरांचे पाच ग्रॅम

आमच्या सोसायटीतले तांबोळी सर मंडईत जाताना पिशवीत एक पितळी वजन घेऊन जातात. अर्ध्या किलोचं, वरच्या बाजूला हूक असलेलं. भाजीवालीने भेंडी काट्यावर टाकायच्या आधी सर ते वजन काट्यावर ठेवतात, चष्मा वर करून आकडा वाचतात, आणि शर्टाच्या खिशातून एक पिवळं कार्ड काढून तिच्या नाकासमोर धरतात.

"पाचशे पाच. ताकीद देतोय. पुढच्या वेळी दोन गुण वजा."

बाईला कसले गुण आणि कसली ताकीद! ती म्हणते, "मास्तर, घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे व्हा." सर पुढे होतात आणि पुढच्या काट्यावर वजन ठेवतात. तिथेही पाचशे पाच.

काही वर्षं सरांचा हाच निष्कर्ष होता, की सगळी मंडई अर्ध्या किलोमागे पाच ग्रॅम खाते. बटाटेवाला खातो, लिंबंवाली खाते, आल्या-लसणाचा तो म्हातारासुद्धा खातो. "एकूण एक काटा पाच ग्रॅम पुढे! याला योगायोग म्हणत नाहीत, संगनमत म्हणतात," असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत. आमच्या बिबवेवाडीत भाजी मिळत नाही असं नाही. पण तिथले काटे त्यांनी आधीच बाद केले होते.

सर नेमबाजीचे पंच. पिस्तूल नेमबाजीच्या जिल्ह्यातल्या सामन्यांना अनेक वर्षं त्यांचाच शब्द शेवटचा असे. त्या खेळात पंचांकडे तीन रंगांची कार्डं असतात. पिवळं म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे दोन गुण वजा, लाल म्हणजे सामान घ्या आणि घरी जा. बाकीचे पंच सामना संपला की कार्डं ड्रॉवरमध्ये टाकत. सरांच्या खिशात ती कायमचीच राहिली. वाकडी गाडी लावणाऱ्याला पिवळं. जिन्यात चपला काढणाऱ्याला हिरवं. सोसायटीच्या सभेत चेअरमन दिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त बोलले तेव्हा सर मागच्या खुर्चीवरून "स्टॉप!" असे काही ओरडले, की चेअरमनांनी दोन्ही हात वर केले. सरांच्या पत्नीने आयुष्यात किती कार्डं पाहिली असतील ते त्याच जाणोत. त्या गेल्यापासून सर एकटेच आहेत, आणि घरात कार्ड दाखवायला आता आरसाच उरलाय.

हे सगळं मी हसत सांगते आहे असं वाटत असेल, तर तसं नाही. मला हा माणूस आवडत नव्हता. नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये चढले नाही. ते आत असले की मी चार मजले चालत जाई.

मी सतरा वर्षांची असताना पिस्तूल चालवायची. बरी चालवायची. त्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड सामना होता आणि मी तिसरी आले होते. पहिल्या चौघी संघात जाणार होत्या. सामना संपल्यावर काही जणांची पिस्तुलं तपासणीला घेतात. नियम असा, की एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने पाचशे ग्रॅमचं वजन उचलून धरायला हवं. पिस्तुलाची नळी आभाळाकडे करायची, खाली ट्रिगरला वजन लटकवायचं आणि हळूहळू वर उचलायचं. ट्रिगर सुटला तर तो हलका. हलका ट्रिगर म्हणजे बोटाला सोपं, म्हणजेच लबाडी. तीन वेळा करून बघू देतात.

तपासणीच्या टेबलावर तांबोळी सर होते. सकाळी आमच्या प्रशिक्षकांच्या वजनावर माझा ट्रिगर नीट धरला होता, त्यामुळे मी निवांत होते. पहिल्यांदा ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा मी इतक्या घाईने वजन उचलायला गेले, की सर म्हणाले, "आपण सावकाश घ्या. वेळ आहे." सावकाश घेतलं. तरीही सुटला.

"तीन संधी. चौथी नाही," सर म्हणाले, आणि लाल कार्ड काढलं.

मी म्हटलं, सर, दुसऱ्या वजनावर बघा. "अधिकृत वजन एकच असतं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. प्रशिक्षकांनी मला शोधलं, निषेधाचा अर्ज लिहून घेतला आणि पळत टेबलाशी नेला. निषेध अर्ध्या तासात नोंदवायचा असतो. आम्हाला चार मिनिटं उशीर झाला होता. सरांनी अर्जाकडे पाहिलंही नाही, फक्त घड्याळाकडे पाहिलं. "मुदत संपली."

संघात नाही गेले, याचं दुःख वर्षभरात ओसरलं असतं. पण रेंजवर कुजबुज सुरू झाली, की पोरीने ट्रिगर हलका करायला स्क्रू फिरवून घेतला होता. आणि घरी परत येताना रिक्षात बाबांनी मला विचारलं, "खरं सांग, तू फिरवला होतास का?" नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की विषय मिटवला, ते मला कळलं नाही. पिस्तूल मी त्याच वर्षी विकून टाकलं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले.

नंतर संघटनेने नवी वजनं घेतली. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि तपासणीच्या टेबलावरचं ते जुनं पितळी वजन भेट दिलं. शाल त्यांनी वॉचमनला दिली. वजन घेऊन ते मंडईत जायला लागले.

मी नारायण पेठेतल्या एका बँकेत काम करते. गेल्या महिन्यात आईने लोणच्यासाठी लिंबं सांगितली म्हणून सुटल्यावर मंडईत गेले, तर लिंबंवाल्या सुलभामावशींसमोर सर उभे. हातात पिवळं कार्ड. मी खांबाआड थांबले. खरं सांगायचं तर मजा बघायला थांबले.

त्या दिवशी मावशी मात्र तयारीत होत्या. "मास्तर, कालच वजनमापंवाले साहेब काटा तपासून गेलेत. हा बघा शिक्का. आणि हे माझं शिक्क्याचं वजन." त्यांनी लोखंडी अर्धा किलो काट्यावर आदळला. पाचशे. "आता तुमचं ठेवा."

सरांनी ठेवलं. पाचशे पाच.

"मग? कोण चोर?" मावशींनी विचारलं. शेजारचे दोघे-तिघे हसले.

सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "तीन संधी," ते स्वतःशीच म्हणाले. मावशींचं वजन मागून घेऊन ते बटाट्याच्या काट्यावर गेले, मग आल्या-लसणाच्या. दोन्हीकडे लोखंडी वजन पाचशे आणि पितळी पाचशे पाच. तिसऱ्या काट्यापाशी मी खांबाआडून कधी बाहेर आले ते मला कळलं नाही.

सरांनी वजन उचलून डोळ्यांजवळ नेलं. त्याच्या हुकावर काळ्या रबराच्या नळीचा तुकडा चढवलेला होता आणि तो निसटू नये म्हणून खाली तांब्याची तार गुंडाळली होती. नखाने त्यांनी तार सोडवली, रबर ओढून काढलं आणि वजन पुन्हा काट्यावर ठेवलं. पाचशे.

मग त्यांनी मान वर केली आणि समोर मला पाहिलं.

"ही नळी," ते म्हणाले, "आपल्या ट्रिगरला ओरखडा पडला होता."

तेव्हा मला आठवलं. निवड सामन्याच्या महिनाभर आधीच्या एका सरावात त्यांच्या उघड्या हुकाने माझ्या ट्रिगरवर ओरखडा पडला होता. बाबांनी घेऊन दिलेलं नवंकोरं पिस्तूल. मी रडवेली होऊन तक्रार केली, तर सर एवढंच म्हणाले होते, "नोंद घेतली." मला वाटलं, वाटेला लावलं.

या माणसाने घरी जाऊन रबर आणलं होतं, तार गुंडाळली होती, पोरांच्या ट्रिगरला लागू नये म्हणून. आणि नंतर वजन तोलून पाहायचं सुचलं नव्हतं. त्यावर शिक्का होता ना! मी लिंबं न घेताच निघाले. मला त्यांची दया आली नाही. मला भयंकर राग आला. नऊ वर्षं एका दुष्ट माणसावर रागावले होते, आणि आता तो दुष्टही राहिला नव्हता.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. सर दारात, पंचांचा निळा कोट घालून. कोट आता खांद्यांना मोठा होत होता. खिशात कार्डं नव्हती. हातात एक छापील फॉर्म होता, नेटक्या अक्षरात भरलेला. निषेध नोंदवणार म्हणून माझं नाव. निषेध कोणाविरुद्ध, तिथे त्यांचं.

"आपण सही करा," ते म्हणाले. "मी संघटनेत नेऊन देतो. या वजनावर बाद केलेल्या आणखी तिघांकडे जाऊन आलो. दोघांना आठवतही नव्हतं."

"मला आठवतंय."

"म्हणूनच आपल्याकडे शेवटी आलो. हिंमत होत नव्हती."

सही केली असती तर काय गेलं असतं? काही नाही. पण ज्या एका माणसाला तो कागद दाखवायचा होता, तो भिंतीवर फोटोत होता. मी फॉर्म घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.

"मुदत संपली, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे ऐकायचीच तयारी करून आल्यासारखे दिसत होते. "बरोबर," ते म्हणाले. "निर्णय नियमाला धरून आहे." आणि लिफ्टकडे गेले. बटण दाबून तिथेच उभे राहिले, पाठमोरे. माझा राग अजून उतरला नव्हता, तरी मला दार लावता येईना.

लिफ्ट आली. सर वळले.

"तो ओरखडा," त्यांनी विचारलं, "नंतर वाढला तर नाही ना?"

पिस्तूल नऊ वर्षांपूर्वी कोणाला विकलं, त्याचं नावही मला आता आठवत नाही.

"नाही, सर," मी म्हटलं. "अजिबात वाढला नाही."

"बरं झालं," सर म्हणाले आणि आत गेले. खोटं बोलल्याबद्दल किती गुण वजा होतात, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.