परबकाकांचं दही

परबकाका लेणी बघायला निघताना पाकीट विसरतील, पण पिशवीत दह्याचा डबा आणि चमचा असणारच. लेणं बघून झालं की माझ्यासमोर उजवा हात पसरून म्हणायचे, "घाल दही. आपल्या हातान घेवचा नसता."

बोरीवलीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा उभा जन्म गेला. आता तो विकून ते मुलीकडे नागपूरला चालले होते, कायमचे. जाण्याआधी जवळपासचं सगळं बघून टाकायचा त्यांना झटका आला आणि घरून काम करणारा मी आयताच सापडलो. निघणारा सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या हातावर दही घालतात ना, तो नियम ते प्रत्येक ठिकाणाला लावत. पूर्वी हे काम सुमनकाकूंचं. त्या करोनात गेल्या.

महाकालीची लेणी काकांच्या मरोळच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. अख्खी नोकरी तिथं काढली, पण लेणी पाहिली नाहीत. का, विचारलं की ठरलेलं उत्तर, "पळून थोडीच चालल्येत?"

अंधेरीत एका जुन्या कवीचं घर शोधत गेलो, तर तिथं टॉवर. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

"कविवर्यांकडे."

बिचाऱ्याने इंटरकॉमवरून सगळ्या विंगांत कविवर्य शोधले. काकांनी गेटवरच हात पसरला. मी वॉचमनलाही चमचाभर दही दिलं. त्याने ते प्रसाद समजून खाल्लं.

बोरीवलीतलीच कान्हेरीची लेणी मात्र ते पुढे ढकलत राहिले. सामान बांधून झालं, तेव्हा कुठे गेलो. मोठ्या चैत्यगृहाबाहेर बसून म्हणाले, "सुमन दर रविवारी म्हणायची, कान्हेरी बघूया. आणि मी म्हणायचो..."

पुढचं मला पाठ होतं. ते त्यांच्या तोंडून निघेना.

परतताना मी सवयीने डबा उघडला. काकांनी हात मागे घेतला.

"इथं नको रे. दही परत येण्यासाठी असतं. तिच्याशिवाय इथं परत येऊन काय करू?"

मला फार वाईट वाटलं. भरला डबा तसाच घरी आणला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामान चढलं. काकांनी कुलूप लावलं, किल्ली नव्या मालकाला दिली आणि माझ्या दारात येऊन उजवा हात पसरला.

मी दही आणायला आत गेलो, तर डोळ्यांतल्या पाण्यात मला समोरचा फ्रिजच दिसेना.