मेश्राम काकांनी निवडलेला पंप

मेश्राम काका माणसाशी बोलताना त्याच्या ओठांकडे बघतात. यंत्राशी बोलायचं असलं की मात्र डोळे मिटतात आणि तळहात टेकवतात.

आम्ही नागपूरला नंदनवन वस्तीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. तेवढ्यात सत्तरीचे एक काटक, बंडी-पायजम्यातले गृहस्थ फाटक उघडून आत आले. नाव नाही, गाव नाही, सरळ आमच्या नळाच्या पाइपला हात लावून डोळे मिटून उभे राहिले. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी पाइपकडे. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडून ते म्हणाले, "दाब कमी हाय. वरच्या माळ्यावर पानी चढनार नाही. जय भीम. मी मेश्राम, बाजूचा."

पाणी चढलं नाही. प्लंबर येऊन दोन दिवस भिंत फोडत बसला आणि शेवटी तो म्हणाला ते हेच.

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल काकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "दाब किती हाय?" आमचा कुकर शिट्टी देत नव्हता तेव्हा हेच. डॉक्टरकडून आलो तेव्हाही हेच, पण तिथं तो निदान शोभला. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा होती तेव्हा फाटकातून विचारलं, "पोरीवर दाब किती हाय?" मी म्हटलं, काहीच नाही, आम्ही त्या विचारांचे नाही. त्यांनी खिडकीतून तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, घरी गेले आणि कॅरम बोर्ड घेऊन आले. तासभर तिच्याशी खेळले, हरले, आणि जाताना मला म्हणाले, "होता. सोडला थोडा."

काकांनी उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत अठ्ठावीस वर्षं पंप चालवला. खाण म्हणजे जमिनीत खणलेला अवाढव्य खड्डा. त्यात झरे फुटतात, पाऊस भरतो, आणि ते पाणी रात्रंदिवस बाहेर फेकावं लागतं. काका त्या खड्ड्याच्या तळाशी, घराएवढ्या पंपाशेजारी उभे राहायचे. त्या आवाजानं त्यांचे कान गेले. मुलानं पुण्याहून कानाचं मशीन पाठवलं, ते बंडीच्या खिशात असतं. मी विचारलं, "काका, लावत का नाही?" तर म्हणाले, "सेल कायले खर्च करा? बायको जे बोलते ते मले पाठ हाय." शकुंतलाकाकू दारातच उभ्या होत्या. "पाठ हाय तं एखादी गोष्ट करा बी," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि निमूटपणे पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

आता गाडीचं सांगतो, कारण काका म्हणजे काय चीज आहे हे मला गाडीमुळे कळलं.

जरीपटक्यात माझे एक मामा आहेत, कापडाचे व्यापारी. तरुणपणी त्यांनी हौसेनं एक जर्मन गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच तुम्ही मला श्रीमंत समजाल. मी शाळेत भूगोल शिकवतो. ती गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामा म्हणाले, तू लहानपणी तिच्यात बसायला रडायचास, घेऊन जा. मी ती दोरीनं ओढून नंदनवनात आणली.

त्या गाडीत इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी एक नाजूक यंत्रणा होती आणि तिचे भाग आता कुठंच मिळत नव्हते. एका गॅरेजवाल्यानं सुचवलं, ते सगळं काढून टाका आणि दोन कार्बोरेटर बसवा, जुन्या गाड्यांना असायचे तसे. मला पटलं. त्यानं आठवड्यात बसवून दिले आणि एका रविवारी सकाळी आमच्या दारात गाडी चालू केली. अकरा वर्षांनी ती खोकली, थरथरली आणि खरंच चालू झाली. गल्ली जमली. बायको आरतीचं ताट आणायला आत गेली.

काका त्यांच्या कुंपणापलीकडे उभे होते. आवाज त्यांना येत नव्हता, पण वास आला असावा. एकाएकी ते ओरडले, "बंद कर! बंद कर गा!"

मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. काकांनी फाटकाची वाट पाहिली नाही. सत्तरीचा तो माणूस कुंपणावरून पाय टाकून आला, मला बाजूला ढकललं, गॅरेजवाल्याला ढकललं, आणि बॅटरीची तार उघड्या हातानं उपसून काढली. तेव्हा मी बघितलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल उतू गेलेल्या दुधासारखं वाहत होतं, आणि खाली तापलेलं इंजिन होतं. काका मूठमूठ माती टाकत होते. बायको पेटलेलं निरांजन घेऊन दारात आली होती, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

सगळं शांत झाल्यावर काका पायरीवर बसले. पाणी प्यायले आणि गॅरेजवाल्याला विचारलं, "पंप कोनता हाय?"

"जो होता तोच, काका. ओरिजनल आहे."

"दाब किती हाय?"

गॅरेजवाल्यानं तो मोजलाच नव्हता. त्या दिवसापासून मी त्या प्रश्नाला हसलो नाही.

मग काकांनी मला समजावलं. घरावरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसाच एक तरंगता गोळा कार्बोरेटरच्या वाटीत असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. फवाऱ्याच्या यंत्रणेला दाब लागतो चाळीस पौंडांच्या आसपास, आणि कार्बोरेटरला लागतो तीन. "चाळीसच्या दाबापुढं ते सुई काय करन बिचारी? हत्तीनं ढकललं तं तुमचा दरवाजा टिकन का?" ते म्हणाले. "पंप बदला लागते, मास्तर. पन घाई नोका करू."

घाई न करण्याला काकांनी तीन आठवडे घेतले. मला वाटायचं, पंप म्हणजे दुकानात जायचं आणि आणायचा. काकांनी तीन पंप जमवले आणि मुलीसाठी वर बघावा तसे ते बघितले. पहिला एका जुन्या देशी गाडीचा, इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा. तो पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण आमच्या इंजिनावर तो बसवायला जागाच नव्हती. शिवाय काका म्हणाले, "नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाजवळ पंप ठेवला तं पेट्रोल पाइपातच उकळन. पंप टाकीजवळ पाहिजे, मागं, खाली. पंप ढकलते चांगला, पन ओढाचं म्हटलं का रुसते."

उरले दोन, दोन्ही विजेवर चालणारे. एक नवाकोरा, चकचकीत. दुसरा जरीपटक्याच्या जुन्या बाजारातून काकांनी उकरून काढलेला, वाटीएवढा, काळा, कुरूप. काकांनी अंगणात वाळूची बादली ठेवली, काकूंचं दुधाचं माप आणलं, दाब मोजायचं घड्याळ आणलं, आणि रोज सकाळी दोन्ही पंप चालवायला लागले. एका मिनिटात किती मापं, दाब किती, ऊन चढल्यावर किती. मी शाळेत जाताना ते डोळे मिटून पंपावर हात ठेवून बसलेले असत आणि परत येताना तसेच. डॉक्टर नाडी बघतात, पण इतकी नाही.

एकदा मला बोलावून चकचकीत पंप चालू केला. "आवाज कसा येऊन राहिला?"

मी कान लावला. "येतच नाही, काका. फार छान आहे."

त्यांचं तोंड उतरलं. मग काळा पंप चालू केला.

"टक टक टक टक," मी म्हटलं. "डोकं उठेल हो."

"मागच्या शिटावर बसून सांगा."

तो पंप त्यांनी त्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटखाली तात्पुरता बांधला होता. मी बसलो. "इथं तर जास्तच येतो!"

"बरोबर," काका म्हणाले आणि बक्षीस मिळाल्यासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. काळा पंप. मी वाद घातला. ते म्हणाले, चकचकीत पंपाचा दाब सहा येतो, तो कमी करायला वेगळं यंत्र लावावं लागेल, आणि ते बिघडलं की पुन्हा त्या रविवारसारखं होईल. काळ्याचा दाब आपला आपणच तीन आहे, उन्हात, थंडीत, कसाही. "मग निदान खाली रबर लावू," मी म्हणालो, "आवाज कमी होईल."

"रबर नोको."

"का पण?"

"नोको म्हटलं नं."

त्यांनी तो लोखंडावर कसून बसवला. अपघात झाला तर आपोआप बंद होईल असं एक बटनही लावलं. मी मनात म्हटलं, बहिऱ्या माणसाला आवाजाचं काय. हे मनात आलं होतं, म्हणून लिहितो आहे. लिहिताना लाज वाटते.

गाडी चालू झाली. एक थेंब सांडला नाही. आठ दिवस काका रोज सकाळी कार्बोरेटरखाली पांढरा कागद ठेवायचे आणि कोरा कागद मला आणून दाखवायचे. मग म्हणाले, "मास्तर, आता लांब नेऊन पाहू. उमरेडपर्यंत. दुपारी चला, ऊन असलं पाहिजे." आणि जरा थांबून, "हिले बी घेऊ का?"

मे महिन्यातली दुपार होती. काका माझ्या शेजारी, काकू मागे. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या आणि मांडीवर पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा होता. पहिली दहा मिनिटं त्या सारखं बोलत होत्या. गाडी चांगली आहे, सीट मऊ आहे, एवढ्या उन्हात माणसं नेतात का, यांना काही कळत नाही. पंप त्यांच्या खालीच टकटकत होता. मला शरम वाटत होती. मी म्हटलं, "काकू, आवाजाचा त्रास होत असेल ना?" उत्तर आलं नाही.

मी आरशात पाहिलं. काकूंची मान खांद्यावर कलली होती. डबा मांडीवरून घसरला होता आणि तोंड जरासं उघडं होतं. काका पूर्ण मागं वळून बसले होते. उमरेडला चहा घ्यायचं ठरलं होतं. टपरी आली तशी मी वेग कमी केला, तर काकांनी पुढं हात दाखवला. थांबू नका. मी तशीच गाडी वळवली आणि परतीला लागलो. सगळ्या रस्त्याभर काकांनी एकदाही समोर बघितलं नाही.

पाच वाजता गल्लीत शिरलो. त्यांच्या फाटकासमोर गाडी उभी करून मी किल्लीला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं.

"बंद नोका करू. बंद केलं का जागी होते."

मी हात मागं घेतला. इंजिन चालू होतं आणि मागून अधूनमधून टक, टक येत होतं.

"खानीच्या काठावरच आमचं क्वार्टर होतं," काका म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही, पण त्या दिवशी ते हळू बोलले. "पंपाचा आवाज चोवीस तास घरात. त्याच्यात तिले झोप ये. पन पंप बंद पडला का जागी हो. पंप बंद म्हंजे खाली पानी चढून राहिलं, आन मी खाली. मंग पोराले कडेवर घे आन खानीच्या काठावर येऊन उभी राहे. रात असो का दिवस. पंप चालू झाला का घरी जाये. मले किती वर्सं मालूमच नव्हतं. एका ड्रायव्हरनं सांगतलं."

इंजिन बंद पडू नये म्हणून मी ॲक्सिलरेटरवर पाय हलकेच ठेवला.

"आता मी नऊ वर्सांपासून घरीच हाव. तिच्या बाजूलेच झोपतो. तरी मले दिसते नं, तिचे डोळे उघडेच राह्यते. इथं काहीच वाजत नाही, मास्तर. पंखा लावून पाह्यला, रेडिओ लावून पाह्यला. त्यानं होत नाही. तसा आवाज पाहिजे." त्यांनी बोटानं गुडघ्यावर टकटक केलं. "मले तं ऐकू येत नाही. हातानं पाहूनच शोधा लागला."

मागं हालचाल झाली. काकूंनी अर्धवट डोळे उघडले. खिडकीबाहेर, हाताच्या अंतरावर, त्यांचंच फाटक होतं, त्यांचीच तुळस होती, दोरीवर त्यांचंच लुगडं वाळत होतं.

"आलं का घर?" त्या झोपेतच म्हणाल्या.

काका त्यांच्या ओठांकडेच बघत होते.

"नाही अजून," ते म्हणाले. "दूर हाय. झोप तू."

काकूंनी डोळे मिटले. मी हळूच गिअर टाकला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.